गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

केरू गोताडला दोन दुखणी होती. एक गुडघ्याचं, त्याला लांज्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. दुसरं दीपकचं, त्याला औषध नव्हतं.

दीपक म्हणजे केरूचा मावसभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. त्याच्या वाडीत चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून पाचवी ते दहावी तो केरूच्या घरी राहिला. केरूची आई जाईबाई फार मायाळू. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या पोराला परकं वाटू नये म्हणून ती सुक्या बांगड्याचा मधला तुकडा दीपकला वाढायची आणि शेपटाकडचा केरूला. सहा वर्षं केरूनं शेपूट खाल्लं. आता तो चोपन्न वर्षांचा आहे, जाईबाईला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी भाजलेल्या बांगड्याचा वास आला की त्याच्या तोंडाला पाणी सुटायच्या आधी कपाळाला आठी पडते.

पुढे दोघांनी मिळून लांज्याला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. नऊ वर्षं बरं चाललं. मग दीपक रत्नागिरीला गेला आणि तिथं त्याचं नशीब असं उघडलं, की पत्र्याच्या शेडीचं बघता बघता वर्कशॉप झालं. रस्त्याच्या कामावरचे डंपर त्याच्याकडे दुरुस्तीला. माळरानावर हापूसची सत्तर कलमं. केरूची मात्र तीच शेड, तोच पाना आणि दारात तेच काळं तेल.

एवढ्यावर भागलं असतं, तर केरू जळून जळून एक दिवस विझलाही असता. पण दोघांनाही नाद एकच होता, गाड्यांच्या शर्यतींचा. केरूनं जुनी जिप्सी घेऊन 'गोताड रेसिंग' काढलं, त्याच वर्षी दिवाळीत दीपकनंही टीम काढली. केरूचं म्हणणं, त्यानं माझं बघून काढली. दीपकचं म्हणणं, दादानं माझं ऐकून काढली.

शर्यतीची टीम चालवणं म्हणजे दारात हत्ती बांधणं, आणि हत्ती निदान गवत तरी खातो. जिप्सी टायर खायची. चार टायरांना पन्नास हजार, आणि कातळावर दोन शर्यती धावली की त्यांना टक्कल पडायचं. एका फेरीची प्रवेश फी बारा हजार. वर नियम असा, की हेल्मेटला तारीख असते, ती उलटली की नवीन घ्यायचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा केरूची बायको गोदा म्हणाली, "हेल्मेट काय दूध हाय, नासायला?"

दीपकची गाडी ट्रकवर चढून शर्यतीला जायची. केरूची जिप्सी स्वतःच्या चाकांवर आंबा घाट चढायची, जुने टायर लावून, आणि चांगले चार मागच्या बाजूला दोरीनं बांधून. मैदानावर पोचलं की जुने काढायचे, चांगले लावायचे, शर्यत करायची आणि पुन्हा जुने लावून घरी यायचं. एकदा साखरप्याजवळ पोलिसानं अडवून विचारलं, "टायर विकायला चाललात काय?" केरू म्हणाला, "नाय साहेब, झिजवायला."

जाहिराती मिळायच्या, पण लांज्याच्या मापाच्या. एका सलूनवाल्यानं दोन हजार दिले, त्याचं नाव मागच्या बंपरवर. एका आंबेवाल्यानं रोख न देता सहा पेट्या हापूस दिला. केरूनं त्यातल्या दोन कोल्हापूरच्या आयोजकांना प्रवेश फीत वळत्या करून दिल्या, हे त्या भागात अजून सांगतात. आणि सगळ्यात मोठी पुरस्कर्ती होती गोदाची कढई. जिथं शर्यत, तिथं ती स्टोव्ह मांडून वडे तळायची. तिच्या वड्यांवर जिप्सीचं पेट्रोल निघायचं. ज्या दिवशी गर्दी कमी, त्या दिवशी परतीच्या वाटेवर घाटउतारावर गाडी न्यूट्रलला.

गाडी चालवायची मनस्वी, त्यांची मुलगी. वय चोवीस, लांज्याच्या पतसंस्थेत कारकून, शर्यतीच्या दिवशी बिनपगारी रजा. हात असा, की वळणावर गाडी आडवी गेली तरी पोरीच्या चेहऱ्यावर पासबुक भरतानाचाच भाव.

केरूजवळ आणखी एक गोष्ट होती आणि ती दीपकला ठाऊक नव्हती. सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरची, जांभ्याची धूळ हळदीसारखी बारीक. ती कुठल्याही फिल्टरमधून आत शिरते आणि इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकायला लागतं. केरू फिल्टरच्या तोंडावर जाईबाईच्या जुन्या सुती लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा बांधायचा. तोही मधला. पाटा-वरवंट्याशी, चुलीशी, शेतात वाकून वाकून जिथं लुगडं झिजून मऊसूत झालं होतं, तिथला. त्यातून हवा जायची, धूळ अडायची. काठाकडचं कापड दाट, त्यानं इंजिनाचा गळाच दाबला जायचा. प्रत्येक शर्यतीला नवीन तुकडा लागायचा. लुगडं बिस्किटाच्या डब्यात घडी करून ठेवलेलं, आणि त्याचा मधला भाग आता संपत आला होता.

जानेवारीत दीपक केरूच्या गॅरेजात आला. पांढरा शर्ट, हातात पेढे.

"दादा, दुसरी गाडी उभी करतोय," तो म्हणाला. "मनस्वीला माझ्याकडे दे. म्हयन्याला पंचवीस हजार, शर्यतीचे वेगळे. कागद करून देतो."

केरूनं पाना खाली ठेवला. "गाडी घेतलीस, ट्रक घेतलास, पोरांना एका रंगाचे टी-शर्ट घेतलेस. आता पोर पण माझीच पायजे?"

"विकत मागत नाय रे. नोकरी देतोय."

"पेढे घेऊन जा," केरू म्हणाला.

पेढे गोदानं ठेवून घेतले. रात्री जेवताना मनस्वीनंच विषय काढला.

"बाबा, खरं सांगू का? मागच्या वर्षी आपण सात शर्यती केल्या, त्यातल्या चार आईच्या वड्यांवर. आईचे हात बघितलेत का तुम्ही, तेलानं भाजलेले? मला पण आपलीच गाडी चालवायची आहे. पण असं नाही चालणार."

"मग कसं चालंल?"

"आपल्या सड्यावरच्या शर्यतीला स्वप्नाताई येणार आहेत, काजू कारखान्याच्या. आमच्या गाड्यांच्या वर्गात जो पहिला येईल, त्याचा वर्षाचा खर्च त्या उचलणार आहेत. मी पहिली आले तर इथंच राहते. नाही आले तर काकांकडे जाते. तुम्ही रागवायचं नाही."

केरू रागावला नाही. तो हिशोब करत बसला. मनस्वीला मागं टाकेल अशी गाडी एकच होती, आणि ती रत्नागिरीहून ट्रकवर चढून येणार होती.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी केरूच्या गावच्या सड्यावर शर्यत भरली. कातळावर चुन्यानं आखलेली साडेतीन किलोमीटरची वाट, एक एक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. आयोजक गावचेच शिक्षक प्रमोद सर. गळ्यात शिट्टी, हातात नियमांचं पुस्तक आणि पुस्तकावर गाढ विश्वास.

आता त्या गावात विहीर खणायची असो, क्रिकेटचे सामने असोत, की नवीन रोहित्र बसायचं असो, आधी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीनं, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगायचं आणि लोकांनी 'होय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. मनातल्या मनात मागितलेलं देवाच्या दप्तरी लागत नाही. आणि गाऱ्हाण्याचा मान गावकाराचा. गावकार गोताडांच्या घरातला. म्हणजे केरूच.

सकाळी आठला केरू धुतलेली टोपी घालून उभा राहिला. समोर नारळ, बाजूला सहा गाड्या, मागं तीनशे माणूस. प्रमोद सरांनी टीमच्या नावांचा कागद त्याच्या हातात दिला.

"बा देवा केदारलिंगा महाराजा," केरूनं खड्या आवाजात सुरुवात केली, "आज तुज्या सड्यावर ही लेकरं गाड्या घेऊन आली हायत."

"होय महाराजा."

"त्यांना राखण कर. जशी गेली तशी सुखरूप येऊंदेत. ज्याच्या त्याच्या कष्टाला यश दे."

"होय महाराजा."

मग एक एक नाव. गोव्याची टीम, होय महाराजा. कोल्हापूरची, होय महाराजा. चिपळूणची, कणकवलीची, गोताड रेसिंग. सहावं नाव कागदाच्या तळाला होतं आणि त्यावर केरूचा अंगठा होता. अंगठा चुकून पडला की मुद्दाम, हे त्या क्षणाला त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. समोर दीपक हात जोडून, डोळे मिटून उभा होता. नवीन टोपी, कडक इस्त्री, मागं एका रंगाची चार पोरं. हात जोडायलासुद्धा चौघं लागतात याला. केरूनं कागदाची घडी घातली आणि नारळ फोडला.

'होय महाराजा' म्हणायला तयार झालेली तीनशे तोंडं तशीच उघडी राहिली. दीपकनं डोळे उघडले. तो मागं वळला. तंबूत जाऊन खुर्चीवर बसला.

गोदा वड्याचं पीठ कालवत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अवो, वैऱ्याचं पण नाव घेतात गाऱ्हाण्यात," ती कढईला सांगावं तसं म्हणाली. "निदान पावण्याचं तरी घ्यायचंत."

"अंगठ्याखाली गेलं."

"अंगठा कुणाचा?"

केरूला मात्र आत कुठंतरी गार वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी दीपकच्या ताटातलं काहीतरी कमी झालं होतं.

ते गारपण तासभर टिकलं. साडेनऊला गाड्यांची तपासणी झाली आणि गोव्याच्या गाडीची पेट्रोलची टाकी गळताना सापडली. प्रमोद सरांनी ती बाद केली. राहिल्या पाच. तेवढ्यात दीपकचा ड्रायव्हर विनीत सांगत आला, की आमची गाडी लाईनीला लागणार नाही.

"का?" प्रमोद सरांनी विचारलं.

"मालक नाही म्हणतात. गाऱ्हाण्यात नाव नाही, तर सड्यावर चाक नाही."

हे ऐकून केरूच्या चेहऱ्यावर जे हसू फुटायला लागलं होतं, ते प्रमोद सरांनी पुस्तक उघडल्यावर अर्ध्यात थांबलं.

"मग वर्ग रद्द," सर म्हणाले. "पाचाच्या खाली गाड्या असल्या तर निकाल धरत नाहीत. नंबर नाही, बक्षीस नाही. आणि स्वप्नाताईंचं जे काही ठरलंय, तेही नाही."

"सर, एका गाडीनं काय होतंय? वाढवा की एक."

"कुठून वाढवू? ट्रॅक्टर धरू?"

मनस्वी हेल्मेट काखेत घेऊन हे सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला आज धावायला तरी मिळू दे."

आता केरूपुढे जे उभं राहिलं, तसं कुणाच्या वाट्याला येऊ नये. दीपक धावला नाही, तर पोर आजच गेली. दीपक धावला, तर पोर कदाचित जाईल, कदाचित राहील. म्हणजे पोर राखायची तर दीपकला स्वतःच्या तोंडानं सड्यावर आणायचं, देवापुढे त्याचं चांगलं मागायचं, आणि तेही मोठ्यानं.

तो दीपकच्या तंबूत गेला. दीपक चहा पीत होता.

"चल," केरू म्हणाला. "नाव राहिलं होतं. घेतो."

"राहिलं नाय, दादा. ठेवलंस."

"बरं, ठेवलं."

"मग तसंच सांग. देवाला खोटं कशाला सांगतोस, त्यानं अंगठा बघितलाय."

दुसरा नारळ आणलेला नव्हता. गोदानं चटणीसाठी ठेवलेला काढून दिला आणि म्हणाली, "आज वडे बिनचटणीचे."

माणसं पुन्हा गोळा झाली. सकाळपेक्षा जास्तच, कारण बातमी खालच्या वाडीपर्यंत पोचली होती. केरूनं टोपी सारखी केली. आवाज खडा लागेना.

"बा देवा महाराजा, सकाळी एक नाव मी मुद्दाम ठेवलं."

"होय महाराजा." हा होकार जरा जास्तच जोरात आला.

"ह्याचं बरं झालेलं मना बघवत नाय. लहानपणापासून."

"होय महाराजा." मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय चुकलं माकलं असंल ते पदरात घे. दीपकची गाडी जशी गेली तशी सुखरूप येऊंदे."

"होय महाराजा."

केरू नारळ उचलायला वाकला. दीपक हात जोडल्या जोडल्या हळूच म्हणाला, "सगळ्यांना यश मागितलंस. मना का नाय?"

केरूनं डोळे मिटले. डोळ्यांपुढं ताट आलं, ताटात बांगडा. "त्याच्या पण कष्टाला यश दे," तो पुटपुटला.

"ऐकू नाय आलं," मागून कुणीतरी ओरडलं.

"दीपकच्या कष्टाला यश दे, महाराजा," केरू म्हणाला, सगळ्या सड्याला ऐकू जाईल असं.

"होय महाराजा."

केरूच्या घरातले गावकार पिढ्यान् पिढ्या गाऱ्हाणी घालत आलेत. पाऊस मागितला, पडला नाही. पूल मागितला, अजून यायचा आहे. पण त्या दिवशी देवानं कागद हातोहात मंजूर केला. मनस्वीनं साडेतीन किलोमीटर चार मिनिटं चौदा सेकंदांत मारले. सड्यावर शिट्ट्या झाल्या. केरू घड्याळवाल्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याच्या गुडघ्याचं दुखणं त्या वेळी कुठं गेलं होतं कोण जाणे. शेवटी विनीत सुटला. परत आला तेव्हा घड्याळात चार मिनिटं अकरा सेकंद.

तीन सेकंद. एवढ्यात माणसाला टोपीसुद्धा धड सारखी करता येत नाही.

स्वप्नाताईंनी दीपकला पुष्पगुच्छ दिला, फोटो निघाले. दुसऱ्या नंबरचं बक्षीस पंधरा हजार, ते मनस्वीनं बाबांच्या हातात दिलं. त्यातून फी वजा जाता तीन हजार उरले, म्हणजे पाव टायर. घरी जाताना जिप्सी मनस्वीनंच चालवली. वाटेत गोदा एकदा म्हणाली, "वडे मात्र सगळे खपले. बिनचटणीचे."

एक मार्चला मनस्वी दीपककाकांकडे रुजू झाली. केरूनं जिप्सीवर ताडपत्री टाकली आणि सांगून टाकलं, की दीपकच्या वर्कशॉपची पायरी मी या जन्मी चढणार नाही. ही प्रतिज्ञा एकोणीस दिवस टिकली. विसाव्या दिवशी मनस्वीचा फोन आला. ती सहज म्हणाली, "बाबा, सरावात गाडी चढावर धापा टाकते." फोन ठेवला आणि केरूनं गोदाला सांगितलं, "पोरीला भाकऱ्या दे बांधून. मी रत्नागिरीला जाऊन येतो." पिशवीत भाकऱ्यांखाली बिस्किटाचा डबा होता, हे गोदानं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

दीपकच्या वर्कशॉपात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक विनीतची, एक मनस्वीची. फरशी अशी चकाचक, की केरूला तिच्यावर थोडं तेल सांडावंसं वाटलं. त्यानं न विचारता मनस्वीच्या गाडीचं बॉनेट उघडलं, फिल्टर काढला आणि फरशीवर आपटला. लाल धुळीचा ढीग पडला.

"एवढी पोरं ठेवलीस," तो मागं उभ्या दीपकला म्हणाला, "एकाला पण नाक नाय?"

दीपक बाकड्यावर बसला. शर्ट पांढराच होता, पण चुरगळलेला. "दादा, दुसऱ्या गाडीसाठी कलमं गहाण टाकलीत. सत्तरच्या सत्तर. स्वप्नाताईंचे पैसे टायरात गेले. गोव्याच्या फेरीत नंबर नाय आला तर आंबा दुसऱ्याच्या पेटीत."

केरूला हे ऐकून बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचं वाईट वाटलं. मग पुन्हा थोडं बरं वाटलं.

"मधल्या तुकड्यात पण काटे असतात रे," दीपक म्हणाला.

केरू चमकला. म्हणजे ह्याला ठाऊक होतं. सहा वर्षं ताटात मधला तुकडा पडत होता, तेव्हा हा शेजारच्या ताटात बघत होता.

तो डबा उघडायला लागला. दीपकनं वाकून बघितलं, हात पुढे केला आणि मागं घेतला. "मावशीचं लुगडं," तो हळूच म्हणाला. "हे बांधतोस होय तू? म्हणून तुजी गाडी कधी खोकत नाय."

डब्यात दोनच तुकडे उरले होते. एक मधला, मऊ, उजेडाला धरला तर बोटं दिसतील असा. दुसरा काठाकडचा, जाड. केरूनं मधला तुकडा मनस्वीच्या फिल्टरवर ताणून बांधला, दोन गाठी मारल्या.

"आणि विनीतच्या गाडीला?" दीपकनं विचारलं.

"त्याला हा."

दीपकनं काठाचा तुकडा हातात घेऊन चोळून बघितला. "हा दाट हाय."

"हायच."

मग दीपकनं मान हलवली. "वाढ," तो म्हणाला, आणि हसत हसत चहा सांगायला गेला.

केरू एकटाच उरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दीपकला शेपूट वाढलं होतं. तो तुकडा तसाच बांधायला त्यानं हात घातला, आणि हात थांबला. एवढ्या दाट कापडानं इंजिन घाटात मान टाकणार, हे दिसत असताना बांधायचं म्हणजे गॅरेजात तीस वर्षं काय केलं? तो स्टुलावर बसला, खिशातली टोकदार पिन काढली आणि कापडातून एक एक धागा ओढायला लागला. लाल धागा, पिवळा धागा. मांडीवर छोटा पुंजका झाला. मधे तुकडा तोंडाला लावून फुंकर मारून बघायचा. वारा अडायचा. पुन्हा धागे.

चहा आला, गार झाला. शेवटी फुंकर बरीचशी आरपार गेली. अजून तीन धागे काढले, की मधल्या तुकड्याइतकाच होणार होता. केरूनं पिन घातली. एक काढला, दुसरा काढला, आणि तिसरा मुद्दाम ठेवला.